घरच्यांसोबत चिखलदऱ्याला: लँडस्केप शिकणाऱ्यांसाठी

लँडस्केप फोटोग्राफी शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना, त्यातही मुलींना, पहिला डोंगर एकटीने क्वचितच मिळतो. तो मिळतो घरच्यांच्या गाडीतून, शिदोरीच्या डब्यांसोबत, लहान पोरं मांडीवर घेऊन. बरेच जण मग कॅमेरा घरीच ठेवतात, किंवा नेतात आणि दिवसभर कुढत बसतात. मी अमरावतीत लग्नाचे फोटो काढते, सासर अंजनगाव सुर्जीकडचं. माझं लँडस्केपचं बहुतेक काम सासरच्या माणसांसोबत चिखलदऱ्यालाच झालं, आणि तिथे शिकलेलं मला आजही पुरतं.

शेतकऱ्याच्या घरची सहल शेताच्या वेळापत्रकावर ठरते. निंदण-डवरण आटोपलं आणि पोळा अजून पुढे आहे, अशा मधल्या दिवसांत गाडी निघते. म्हणजे श्रावण, म्हणजे पाऊस आणि ढग. परतवाड्याहून धामणगाव गढीच्या बाजूने घाट चढला की अकराशे मीटरच्या वर असलेल्या पठारावर येतो आणि समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. नवख्याला वाटतं, दिवस गेला. माझं मत उलट आहे. शिकण्यासाठी याहून चांगला काळ नाही, कारण निळं आकाश आणि लाल सूर्य यांच्या आधारावर फोटो निभावून नेण्याची सोयच राहत नाही.

आता वेळेचं. सगळं गणित इथेच आहे. घरच्यांसोबत असताना वेळ चोरायचा नाही, मागून घ्यायचा, आणि तोही आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, स्पष्ट शब्दांत. ‘सकाळी साडेपाचला निघते, आठला चहाला परत येते’ एवढं सांगितलं की कोणी अडवत नाही. पण मग आठ म्हणजे आठ. ढग नेमका फाटत असला तरी तिवई (ट्रायपॉड) गुंडाळायची. हा शब्द पाळला की पुढच्या दिवशी सासूबाई स्वतःच विचारतात, उद्या किती वाजता निघतेस? दुपारी अकरा ते चार तुमचा काहीच हक्क नाही असं धरून चाला. तेव्हा भुट्टे खा, रबडी खा, पोरांना पंचबोलला, म्हणजे प्रतिध्वनी येतो त्या कड्यावर, नेऊन आरोळ्या मारू द्या. त्या उजेडात फारसं हातीही लागत नाही. संध्याकाळचा एक तास पुन्हा मागा.

पहाटे एकटं जायचं नाही. बाजूला मेळघाटचं जंगल आहे, अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत, आणि कड्यावरचा शेवाळलेला दगड त्यांच्याहून धोक्याचा. पुरतं दिसायला लागल्यावरच कड्याकडे सरका. माझ्यासोबत नणंदेचा मोठा मुलगा येतो. त्याचं काम छत्री धरणं. वाऱ्याच्या बाजूने, जराशी तिरपी, लेन्सच्या पुढे तिचा काठ येणार नाही अशी. हे काम दिसतं सोपं, पण पावसात समोरच्या काचेवर एक थेंब बसला की फोटोच्या मधोमध पुसट डाग उतरतो, म्हणून अशा माणसाशिवाय काम अडतं. त्याला प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर दाखवा, त्याचंही मन रमतं.

धुक्यात कॅमेरा हमखास चुकतो. त्याला सगळा पांढरा रंग मधल्या राखाडीकडे ओढायचा असतो, म्हणून फोटो मळकट येतात. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, बघा: आलेखाचा उंचवटा उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. ऑटोफोकस नुसता मागेपुढे फिरत राहतो. जवळच्या सागाच्या खोडाची काळी कड धरून फोकस घ्या, मग मॅन्युअलवर टाका आणि हात लावू नका. आणि चौकटीत काहीतरी काळं, ठोस असू द्या. एक खोड, एक खडक. नुसतं धुकं म्हणजे कोरा कागद.

लेन्सबद्दल माझा आग्रह आहे. सगळे वाइड लेन्स घेऊन येतात, कारण दरी मोठी दिसते. फोटोत मात्र ती लहान होते, मागच्या रांगा रेघेएवढ्या उरतात. गाविलगडाच्या टेकड्यांना ७०-२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून बघा. एकामागे एक उभ्या असलेल्या कडा जवळ येतात, मागची प्रत्येक रांग पुढच्यापेक्षा फिकी, आणि दोन रांगांच्या मधे ढगाची पट्टी. एकच लेन्स नेता येत असेल तर मी हीच नेईन.

कुठल्या वेळी ढग कुठे असेल हे हवामानाच्या ॲपपेक्षा मला मामाजींनी जास्त शिकवलं. तरुणपणी ते याच घाटाने धारणीपर्यंत माल घेऊन जायचे. मी पंचबोलवर उभी, समोर पांढरा पडदा, निघायच्या बेतात. ते म्हणाले, “पायटी ढग दरीत बसून राह्यते, ऊन निंघालं का वर चढते. घंटाभर दम धर, मंग पाह्य.” दरी तापायला लागली की हवा वर येते आणि ढग काठावरून फुटत जातो, हे पुस्तकातही आहे, पण कोणत्या घळीतून तो आधी फुटतो हे पुस्तकात नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांनी तो डोंगर पावसाळ्यांमागून पावसाळे पाहिलेला असतो.

भीमकुंडाकडचा धबधबा हा गर्दीचा भाग. कीचकाला मारून भीमाने इथे हात धुतले अशी कथा, त्यामुळे सगळ्यांना तिथे जायचंच असतं. रेलिंगच्या ओट्यावर तिवई लावली तर शेजारून माणूस चालला तरी फोटो हलतो. मातीवर किंवा खडकावर पाय रोवा. शटर पाव ते अर्धा सेकंद पुरे. त्याहून फार लांबवलं की पाण्याचा पोत जातो आणि नुसतं पांढरं उरतं. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक मारणारा फिल्टर, इथे खरा कामाला येतो: ओल्या पानांवरची आणि ओल्या काळ्या बेसॉल्टवरची चमक निघून जाते आणि कड्याचे आडवे थर उघडे होतात. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, हे लक्षात ठेवा. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते एफ ११, त्यापुढे बारीक केलं तर धार उलट मऊ पडते.

घरच्यांचे फोटो आधी काढा, आणि मन लावून काढा. शेवटी घाईत उरकलेला ग्रुप फोटो त्यांना लगेच कळतो. ढगाळ उजेड चेहऱ्यांना फार चांगला असतो. दरीकडे पाठ आणि मोकळ्या आकाशाकडे तोंड, एवढं बघा. माझ्या पोर्टफोलिओत गाविलगडाचा जो फोटो सगळ्यात आधी लावला आहे, त्यात तटाच्या पायथ्याशी आत्यासासूबाई उभ्या आहेत, लाल लुगड्यात, अगदी बारीक. त्यांच्यामुळे तटाची उंची कळते. १८०३च्या डिसेंबरात इंग्रजांनी वेल्स्लीच्या हाताखाली हा किल्ला घेतला, तो केवढा होता हे नुसत्या भिंतीच्या फोटोतून कळत नाही. फोटो लावायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं. इथल्या कोरकू आदिवासी बायाबापड्यांच्या बाबतीतही तेच: आधी बोला, विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. ड्रोन घरीच ठेवा, व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

सामानाची एक गोष्ट. गाडीचा एसी लावून वर आलात तर गार लेन्स दमट हवेत काढताक्षणी धुरकट होते. पुसून उपयोग नाही. पोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा किंवा वर आल्यावर पिशवी बंदच ठेवून लेन्सला बाहेरच्या हवेइतकी कोमट होऊ द्या. घरी आल्यावर सगळं पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर आपल्या भागात नुसत्या लँडस्केपवर घर चालणं कठीण. माझं घर लगीनसराईवर चालतं. पण संध्याकाळच्या वरातीत उजेड उतरत असताना कुठे उभं राहायचं हे मला या डोंगरावर कळलं, आणि ते माझ्या दरात दिसतं.

एकाच जागी वेगवेगळ्या ऋतूंत जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुऊन निघालेली असते, लांबच्या रांगा स्वच्छ दिसतात. पण तेव्हा सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी, घरचं कोणी मोकळं नसतं. तेव्हा एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन एक दिवस जाऊन यायचं. होळीच्या आसपास खालच्या उतारावर पळस फुलतो, सागाची पानं झडलेली असतात. तेव्हा पुन्हा घरच्यांना घेऊन जायचं, आणि सकाळची वेळ आदल्या रात्रीच मागून ठेवायची.