अंतर नव्हे, माती पाहून निघावे : सोलापूरच्या माळावर आणि तलावांकाठी ग्रॅव्हल सायकलिंग

ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे डांबर सोडून खडी-मातीच्या वाटांवरून सायकल चालवणे, म्हटले की स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील पाइनची राने आणि त्यांच्यामधली लांबट, थंडगार सरोवरे, म्हणजे तिकडचे ‘लॉख’, डोळ्यांसमोर येतात. तिथे लाकूड वाहण्यासाठी केलेले खडीचे जंगलरस्ते सायकलींना मोकळे असतात आणि २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक रानांतून पायी वा सायकलने जाण्याचा हक्क दिलेला आहे. सोलापुरात पाइन नाहीत आणि असा कायदाही नाही. मात्र मुरमाचे माळ, पाणंद रस्ते, कालव्याकडेच्या वाटा आणि जुने तलाव इतके आहेत की शहरातून निघून तासाभरात डांबर मागे टाकता येते. फक्त इथला बेत किलोमीटर मोजून आखता येत नाही, तो मातीचा रंग पाहून आखावा लागतो.

याचे कारण या पठाराच्या घडणीत आहे. आपल्या पायाखालचा काळा कातळ झिजून त्याचा मुरूम झाला, त्यातील बारीक चिकणमाती पावसाने हजारो वर्षे सखल भागाकडे वाहून नेली आणि उंचवट्यावर तांबूस, भुरकट मुरूम उघडा राहिला. म्हणून उत्तरेकडे, बार्शी आणि तुळजापूर रस्त्यांच्या आजूबाजूला, जिथे जमीन बालाघाटाच्या दिशेने हळूहळू चढत जाते, तिथे चाकाखाली बऱ्याच ठिकाणी घट्ट, पाण्याचा निचरा करणारा थर मिळतो. दक्षिणेकडे सीना-भीमेच्या बाजूला मात्र काळ्या रानांचे राज्य आहे. मुरमाचा माळ सर पडून गेल्यावर दोन-तीन तासांत सायकलीला तयार होतो. काळी माती चांगल्या पावसानंतर किमान तीन-चार दिवस तरी विसरावी.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पहिल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, रात्री पाऊस पडून गेलेला असताना, नकाशावर जवळची दिसणारी एक गाडीवाट धरली. शंभर पावलांत दोन्ही चाकांवर मातीचे असे थर चढले की पुढचे चाक फ्रेमच्या काट्यात अडकून फिरेनासे झाले, आणि गिअर बदलणारा मागचा डिरेलर माती आणि गवत ओढून घेऊन वाकण्याच्या बेतात आला. बांधावर उभ्या असलेल्या एका आजोबांनी शांतपणे विळा पुढे केला आणि म्हणाले, “आधी खरवडा, मग उचला. ढकलाल तर पुन्हा भरंल.” सायकल खांद्यावर घेऊन मी पक्का रस्ता गाठला. तेव्हापासून काळ्या मातीत चाक जड लागू लागताच, आणखी दहा पावले पुढे जाऊन पाहण्याचा मोह टाळून, तिथूनच मागे फिरावे असा नियम मी पाळतो.

सायकल निवडताना टायरकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. वाकड्या हॅण्डलची खास ग्रॅव्हल बाईक असलीच पाहिजे असे नाही. ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद टायर बसतील अशी, डिस्क ब्रेकची हायब्रीड (पक्क्या आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीची सायकल) किंवा जुनी माउंटन बाईकसुद्धा सुरुवातीला पुष्कळ होते. टायरमधील हवा कमी ठेवण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते. डांबरावरच्या सायकलीत ८०-९० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरणारा माणूस माळावरही तेवढीच भरतो आणि मग दिवसभर मनगटे झिणझिणतात. सत्तर किलोच्या आसपास वजन असेल, तर ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या आणि छिद्र बुजवणारे पातळ सीलंट भरलेल्या टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि दगडावर रिम आपटत असेल तर दोन-दोनने वाढवावे.

ट्यूबलेसचा आग्रह मी का धरतो, याचे उत्तर सराटा. पावसाळ्यात वाटेच्या कडेला जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल दिसायला निरुपद्रवी असते. तिचे फळ दिवाळीच्या सुमारास सुकून पाच तुकड्यांत फुटते आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा आकाशाकडेच राहतो. त्यात भर म्हणून बाभळीच्या तोडलेल्या फांद्यांची कुंपणे आणि शेळ्यांसाठी पाडलेला पाला. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मी पुढच्या टायरमधून चौदा काटे मोजून काढले होते. ट्यूब असती तर त्या दिवशी घरी यायला टेम्पोच शोधावा लागला असता.

टायरमध्ये काटा दिसला तर तो घाईने उपटू नये. आधी सपाट जागा पाहून थांबावे, काटा काढताच चाक फिरवून ते छिद्र जमिनीकडे आणावे आणि आतील सीलंट तिथे जमेपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहावी. फेस येऊन फुसफुस थांबली की पुढे निघावे. छिद्र मोठे असेल तर रबरी प्लग घालावा. प्रत्येक टायरमध्ये साधारण ६० ते ९० मिलिलिटर सीलंट लागते, आणि बाटलीवर काहीही लिहिलेले असले तरी सोलापूरच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत आटते, हे लक्षात ठेवावे. सोबत एक सुटी ट्यूब, छोटा पंप, चेनची जोडकडी आणि सायकलच्या बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर घ्यावा. हा अडॅप्टर विसरू नये, कारण गावातील पंक्चरवाल्याकडे हवा भरपूर असते, पण त्याच्या नळीचे तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसणारे असते.

पहिल्या फेरीसाठी हिप्परग्याचा तलाव निवडावा. आदिला नदीवर मातीचा बांध घालून १८७१ साली पूर्ण झालेला हा एकरूख तलाव शहरापासून दहाएक किलोमीटरवर आहे. अडचण एकच, की सरळ वाट तुळजापूरच्या महामार्गावरून जाते आणि तिथे अवजड वाहनांच्या हवेच्या झोताने सायकल हलते. म्हणून उजाडतानाच निघून तो टप्पा आधी उरकावा आणि गावातील आतल्या वाटा विचारून पाण्याकाठी पोहोचावे. पाणी ओसरलेल्या काठावरचा वाळलेला गाळ पाहून भुलू नये. वर भेगा दिसतात, खाली चिखल असतो.

हात बसल्यावर नान्नजच्या बाजूचा माळ घ्यावा. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरील हे गाव माळढोक अभयारण्यामुळे ओळखले जाते. अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. इथे सार्वजनिक रस्ता सोडून गवतात सायकल घालणे योग्य नाही, वनखात्याच्या परवानगीशिवाय तर मुळीच नाही. अनेक माळपक्षी पावसाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असल्याने चाकाखाली आली तरी कळत नाहीत. काळविटांचा कळप वाट ओलांडत असेल तर पॅडल थांबवून पाय टेकावा. एक उडी मारून पलीकडे गेला की बाकीचे त्याच्याच मागे येतात, आणि मध्ये घुसलेली सायकल कळप तोडते.

दक्षिणेला हत्तरसंग कुडल आहे. सीना आणि भीमा यांच्या संगमावरील तिथल्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. अंतर सुमारे ४० किलोमीटर, आणि आतल्या वाटांनी जायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ खरा. तेव्हा काळी माती दगडासारखी घट्ट झालेली असते, ज्वारी कणसावर येते आणि शेतात हुरडा भाजला जात असेल तर आग्रह मोडणे कठीण जाते. या काळात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे राहू नये; वरून ऊस पडतो आणि चालकाला मागचे दिसत नाही.

वाऱ्याचा विचार बेत आखतानाच करावा. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा माळावर अडवायला झाडही नसल्याने थकवून टाकतो, म्हणून तेव्हा जाताना पश्चिमेकडे जाऊन येताना वारा पाठीवर घ्यावा. एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीपार असताना, नऊ वाजता घरी परतलेले असावे. तरीही माणशी तीन लिटर पाणी, लिंबू आणि मीठ सोबत हवे. खाण्यासाठी मी महागडी एनर्जी बार वापरून पाहिली, ती उन्हात वितळली. कडक भाकरी आणि कापडाच्या पुरचुंडीत शेंगदाण्याची चटणी मात्र दिवसभर जशीच्या तशी राहते.

धनगरांच्या कळपाजवळ कुत्री धावून आली तर वेग वाढवू नये. उतरावे, सायकल कुत्रा आणि आपण यांच्यामध्ये धरावी आणि “मामा, कुत्रं आवरा” अशी हाक द्यावी. चालत्या माणसात कुत्र्याचा रस लवकर संपतो. शेताच्या बांधावरून जायचे असेल तर दिसेल त्या माणसाला आधी विचारावे. अक्कलकोटच्या बाजूला उत्तर कन्नडमध्ये आले तर हाताच्या इशाऱ्यावर भरवसा ठेवावा, “जवळच आहे” या शब्दांवर नव्हे.

घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, पाण्याचा फवारा बेअरिंगवर मारू नये आणि दोन्ही टायर अंगठ्याने दाबून सायकल भिंतीला लावावी. सकाळी पुन्हा दाबून पाहिल्यावर मागचा मऊ लागला, तर कुठेतरी एक सराटा अजून आत आहे.