बेळगावातून नीट देताय? केमिस्ट्रीची सराव पुस्तकं घेताना या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये खानापूरहून एक पालक मुलीला घेऊन आले आणि पिशवीतली पुस्तकं माझ्या टेबलावर मांडली. सात होती. दोन कोल्हापूरच्या मावसभावाची, दोन हुबळीहून आणलेली, एक शेजारच्या मुलानं दिलेलं, दोन नवी कोरी. "सर, एवढं सगळं सोडवते की, तरी केमिस्ट्रीत नव्वदच्या वर जाईना." 180 पैकी 90. पुस्तकं चाळल्यावर कळलं, पोरगी एकाच वेळी तीन परीक्षांची तयारी करत होती. द्यायची होती त्यातली एकच.

आपल्या सीमाभागात हे सर्रास होतं. शिकायचं कर्नाटकच्या पीयूसीत (म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीत), नातेवाईक महाराष्ट्रात, आणि परीक्षा दिल्लीची.

महाराष्ट्र बोर्डाची पुस्तकं डोळे झाकून वापरणं

निपाणी, चिकोडीकडच्या मुलांना कोल्हापूर जवळ, म्हणून तिथली पुस्तकं सहज हाती येतात. पुस्तकं वाईट नसतात, फक्त त्यांची मांडणी वेगळी. महाराष्ट्र बोर्डात आयनिक समतोल आणि केमिकल थर्मोडायनॅमिक्स बारावीला आहेत. पीयूसीत आपण एनसीईआरटीची (केंद्राची) पुस्तकं शिकतो, तिथे हे दोन्ही अकरावीला. पहिल्या वर्षाचा मुलगा 'अकरावी' लिहिलेलं पुस्तक उघडतो, प्रकरण सापडत नाही, आणि ते नकळत पुढच्या वर्षावर ढकललं जातं. उलट सॉलिड स्टेट आणि ग्रीन केमिस्ट्री त्या बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात आहेत, नीटला नाहीत.

महाराष्ट्राच्या सीईटीच्या प्रश्नसंचात आणखी एक मेख आहे. त्या परीक्षेत अकरावीचा वाटा सुमारे 20 टक्के, त्यामुळे संचातही अकरावी पातळ. नीट असा भेद करत नाही. सरावात बारावी पक्की आणि अकरावीचे मोल कन्सेप्ट, समतोल, बाँडिंग आले की हात थांबतो, अशी तक्रार असेल तर आधी पुस्तक कुठल्या परीक्षेचं आहे ते बघा.

केसीईटीची सवय नीटला घेऊन जाणं

केसीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीत, केमिस्ट्रीचे 60 प्रश्न, 80 मिनिटं, प्रत्येकी एक मार्क, चुकलं तर काही कापत नाहीत. नीटला 45 प्रश्न, बरोबरला 4, चुकीला वजा 1. वर्षभर केसीईटीचे पेपर सोडवलेली मुलं एकही गोल रिकामा ठेवत नाहीत. सात-आठ अंदाज फसले की तेवढे मार्क गेलेच, शिवाय त्यावर घालवलेला वेळ वेगळा. हे पेपर फेकून द्या असं मी म्हणणार नाही, सरळ माहितीच्या प्रश्नांना ते चांगले आहेत. फक्त मार्क मोजताना वजा एक धरा.

जुना अभ्यासक्रम, नवं मुखपृष्ठ

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नीटचा अभ्यासक्रम 2024 च्या परीक्षेपासून बदलला. केमिस्ट्रीतून स्टेट्स ऑफ मॅटर, सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, हायड्रोजन, एस-ब्लॉक, धातू मिळवण्याच्या पद्धती, पॉलिमर, एनव्हायर्नमेंटल केमिस्ट्री आणि रोजच्या जीवनातली केमिस्ट्री गेली. थोरल्या भावाच्या पुस्तकातली ही प्रकरणं पेन्सिलीनं खोडून टाका.

आता उलटी गोष्ट, जी दुकानदारही सांगत नाही. एनसीईआरटीनंही पुस्तकं लहान केली. नवीन आवृत्तीत अकरावीची 9 आणि बारावीची 10 प्रकरणं उरली, आणि त्यात पी-ब्लॉक नाही. नीटच्या अभ्यासक्रमात मात्र पी-ब्लॉकचे गट 13 ते 18 आहेत. म्हणजे "एनसीईआरटीच्या ओळीन् ओळीवर आधारित" असं छापलेला नवा संच इमानदारीनं सोडवलात तरी पी-ब्लॉक कोराच राहणार. यासाठी एनसीईआरटीची जुनी आवृत्तीच शोधा. बेळगावात सेकंडहँड पुस्तकांत ती मिळते, लोक रद्दीच्या भावात काढतात.

तसंच प्रॅक्टिकल केमिस्ट्री. सॉल्ट ॲनालिसिस, मोहर सॉल्ट आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, पोटॅश ॲलम किंवा ॲसिटॅनिलाइड तयार करणं, हे अभ्यासक्रमात एक वेगळं युनिट आहे. बऱ्याच प्रश्नसंचांत त्यावर दोन पानंसुद्धा नसतात. पीयूसीचं लॅब मॅन्युअल परीक्षेनंतर कुणाला देऊन टाकू नका.

पेपरच्या आराखड्याकडेही बघा. 2021 ते 2024 मध्ये प्रत्येक विषयात 15 पैकी 10 सोडवायचा 'बी' सेक्शन होता. 2025 ला तो गेला: 180 प्रश्न, सगळे सोडवायचे, 180 मिनिटं. 'बी' सेक्शन असलेली टेस्ट सिरीज स्वस्तात मिळाली तरी घड्याळाचा सराव म्हणून तिचा उपयोग नाही.

उत्तरं न तपासता पुस्तक घेणं

मी स्वतः एकदा एक जाडजूड प्रश्नसंच घेतला आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं एक गणित तीनदा केलं. उत्तर जुळेना. शेवटी लक्षात आलं, उत्तरसूचीच चुकीची. मास्तर होतो म्हणून वाचलो, विद्यार्थ्यानं स्वतःलाच दोष दिला असता.

दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी तपासता येतात. एसटीपीला (प्रमाण तापमान आणि दाबाला) एक मोल वायूचं आकारमान बघा. दाब 1 ॲटमॉस्फिअर धरला तर 22.4 लिटर, 1 बार धरला तर 22.7. दोन्ही आकडे येतात पण दाब सांगितलेलाच नाही, असं पुस्तक खाली ठेवा. दुसरं, थर्मोडायनॅमिक्समध्ये वायू प्रसरण पावला की कार्य ऋण धरलंय का? एनसीईआरटी केमिस्ट्रीत ऋण धरतात. (फिजिक्सच्या पुस्तकात याच्या बरोबर उलट, मुलांचा गोंधळ होतो तो उगाच नाही.)

नुसती ए-बी-सी-डी उत्तरं असलेला संच फिजिकल केमिस्ट्रीला घेऊच नका. पायऱ्या दिलेल्या हव्यात. आणि सोडवताना मोबाइलचा कॅल्क्युलेटर दूर ठेवा, परीक्षेत तो नसतो.

भाषा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना मराठी संच जवळचा वाटतो. पण नीटचा मराठी पेपर महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळतो. बेळगावचं केंद्र घेतलंत तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. मराठीच हवं असेल तर केंद्र कोल्हापूरचं वगैरे घ्यावं लागेल, म्हणून फॉर्म भरताना भाषा जपून निवडा. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. पीयूसी इंग्रजीतून करत असाल तर सरावही इंग्रजीतच करा, मराठी पुस्तक कल्पना समजून घ्यायला ठेवा. 'क्षपण' आणि 'रिडक्शन' एकच, हे डोक्यात पक्कं असलं की पुरे.

तर त्या मुलीचं काय केलं? तिच्या शेवटच्या तीन टेस्टमधले चुकलेले प्रश्न काढले. जवळजवळ निम्मे अकरावीचे, बरेचसे पी-ब्लॉकचे, उरलेले नुसते अंदाज. कुठलं पुस्तक कमी पडतंय ते त्या कागदावरच दिसत होतं. परत जाताना पिशवीत तीन पुस्तकं होती: एक प्रश्नसंच, मागच्या वर्षांचे पेपर, आणि माझ्याकडची एनसीईआरटीची जुनी प्रत. बाकीची अजून माझ्या कपाटावर आहेत, तिचे बाबा दिवाळीनंतर न्यायला येतो म्हणाले होते.