प्राण्यांच्या कामात यायचंय? मग आधी पत्र लिहायला शिका

बरेच जण विचारतात की प्राण्यांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू, यात नोकरी मिळते का, आणि व्हेट (जनावरांचे डॉक्टर) नसलं तर चालतं का. चालतं हो. मी स्वतः व्हेट नाही, सुई बघितली की आजही मान फिरवते, आणि तरी बरीच वर्षं याच कामावर पोट भरतेय. तेच तेच उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी एक फरक समजून घ्या, नवीन लोकांचा इथेच घोळ होतो. जखमी जनावर उचलणं, औषधपाणी, फॉस्टर (कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळणं), अडॉप्शन हे झालं रेस्क्यू. आणि ज्या नियमामुळे किंवा धंद्याच्या ज्या पद्धतीमुळे जनावरांवर ती वेळ येते ते बदलायला लावणं म्हणजे अ‍ॅडव्होकसी. रेस्क्यूमध्ये संध्याकाळी घरी जाताना कळतं की आज एक जीव वाचला, अ‍ॅडव्होकसीत महिनोन्महिने काहीच दिसत नाही, नुसते मेल, मीटिंगा, फॉलोअप, परत मेल. त्यामुळे येणारे बहुतेक रेस्क्यूकडे धावतात आणि इकडे माणसंच मिळत नाहीत. ज्यांना जनावर हाताळायची भीती वाटते पण लिहिता येतं, हिशेब ठेवता येतो, न चिडता बोलता येतं, अशांची खरंतर जास्त गरज आहे.

हे काम कसं करतात ते बघायचं असेल तर हेन्री स्पायराबद्दल वाचा. न्यूयॉर्कमधला शाळामास्तर, त्याआधी जहाजावर खलाशी होता, संस्था नाही, पैसा नाही. 1976 मध्ये त्याने तिथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले मांजरांवरचे प्रयोग हा एकच विषय धरला. माहिती मागायच्या कायद्याखाली सरकारी कागद मिळवले, बसून वाचून काढले, मग म्युझियमच्या दारात दर आठवड्याला माणसं उभी केली, आणि मागणी काय तर फक्त हे प्रयोग बंद करा. जगातले सगळे प्राणीप्रयोग बंद करा असं तो म्हणत बसला नाही. 1977 मध्ये ते प्रयोग थांबले. पुढे 1980 मध्ये त्याने रेव्हलॉन कंपनीला गाठलं, कारण तेव्हा कॉस्मेटिक्सची टेस्ट सशांच्या डोळ्यांवर केली जायची. आधी कंपनीशी नीट बोलायचा प्रयत्न केला, त्यातून काही हाती लागेना तेव्हा पेपरात पानभर जाहिरात. पण यातली खरी हुशारी मागणीत होती, दुसरी पद्धत शोधायच्या संशोधनात पैसे घाला, म्हणजे कंपनीला नाक न कापता हो म्हणता येईल अशी. त्याच वर्षाअखेर कंपनीने रॉकफेलर युनिव्हर्सिटीला त्यासाठी साडेसात लाख डॉलर दिले. समोरच्याला हो म्हणायला जागा ठेवणं हे मी नव्या पोरांना सगळ्यात आधी शिकवते आणि सगळ्यात जास्त वाद यावरच होतात, कारण राग आलेल्या माणसाला समोरच्याला जागा द्यायचीच नसते.

वेळ किती लागतो तेही आधीच सांगते म्हणजे नंतर वैताग नको. 1964 मध्ये ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन या बाईंनी कोंबड्या, वासरं, डुकरं कशी कोंडून वाढवतात त्यावर पुस्तक लिहिलं, एवढा गदारोळ झाला की सरकारला समिती नेमावी लागली. 1965 च्या त्या समितीच्या रिपोर्टमध्ये म्हटलं की जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आलं पाहिजे. बघा, मागणी किती साधी! पण युरोपियन युनियनचा साध्या बॅटरी पिंजऱ्यांवरच्या (अंड्यांच्या कोंबड्या दाटीवाटीने कोंडतात त्या अरुंद पिंजऱ्यांच्या रांगा) बंदीचा कायदा आला 1999 ला आणि ती बंदी प्रत्यक्षात लागू झाली 1 जानेवारी 2012 पासून. पुस्तकापासून मोजलं तर 48 वर्षं, आणि त्यातही थोडी जास्त जागा आणि बसायला दांडी असलेले पिंजरे चालतातच. हे वाचून कोणाला निराश वाटेल, मला उलट बरं वाटतं, की कोणीतरी मधली सगळी वर्षं फायली ढकलत राहिलं म्हणून झालं.

1965 च्या त्या रिपोर्टवरून पुढे जनावरांची पाच स्वातंत्र्यं ठरली, ती पाठच करा, रोज लागतात: भूक-तहानेपासून सुटका, गैरसोयीपासून सुटका, दुखणं-इजा-आजारापासून सुटका, भीती आणि ताणापासून सुटका, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक. उपयोग काय? समजा तुम्ही तक्रार लिहिताय. "फार हाल करतायत हो, माणसं आहेत की राक्षस" असं लिहिलं की ते पत्र बाजूला पडतं. त्याऐवजी लिहा की भांड्यात पाणी नव्हतं, साखळी इतकी आखूड की आडवं होता येत नाही, दुपारी सावली नाही, मागच्या पायाला उघडी जखम आहे, अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक जागा. व्हिडिओ ओरिजिनल ठेवा, एडिट केलेला आणि गाणं लावलेला पुरावा म्हणून कोणी धरत नाही. कुणाच्या आवारात परवानगीशिवाय घुसू नका, केस तुमच्यावरच उलटते. आणि आधी तक्रार करा मग पोस्ट टाका, उलटं केलं की समोरचा सावध होतो आणि तुम्ही पोचेपर्यंत सगळं आवरलेलं असतं. रक्ताळलेले फोटो टाकायचा तर मला मनापासून तिटकारा आहे, लोक तोंड फिरवतात आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं तरी स्क्रोल करून जातात.

शिक्षणाचं म्हणाल तर व्हेटरिनरी आहेच, पण कायदा, प्राण्यांचं वर्तनशास्त्र, पब्लिक पॉलिसी, पत्रकारिता, स्टॅटिस्टिक्स सगळं चालतं. आता मोठ्या कंपन्या अमुक सालापासून पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी घेणार नाही असं जाहीर करतात, पण ते साल उलटल्यावर खरंच बंद केलं का हे बघायला कोणीतरी एक्सेल उघडून बसायला लागतं ना. बायोडेटात "मला प्राणी खूप आवडतात" लिहू नका, सगळ्यांनाच आवडतात, म्हणूनच अर्ज केलाय. त्याऐवजी एखाद्या ठिकाणी ठरलेल्या वारी नियमित काम केल्याचं दाखवा, मग ते नसबंदी कॅम्पमध्ये रजिस्टर भरणं का असेना. पगार कमीच असतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि हे काम मनाला लागतं. रोज दुःखच बघून माणूस एकतर बधिर होतो नाहीतर चिडका, म्हणून सुट्टीच्या दिवशी फोनवरचे प्राण्यांचे ग्रुप बंद ठेवायचे, हे मी नियम म्हणून पाळते.

नोकरी नको, फक्त मदत करायचीय त्यांच्यासाठी: दर महिन्याला थोडे पैसे देणं हे एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा संस्थेला जास्त उपयोगी, कारण औषधं आणि पगार दर महिन्यालाच लागतात. लसीकरण आणि नसबंदीला हातभार लावा. माणसांना होणारा रेबीज 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो, आणि एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली की त्याची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "माणसं मरतायत आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय" असं म्हणणाऱ्याला हेच सांगा, कुत्र्याला दिलेली लस माणसालाच वाचवते. घरची गोळी मनाने देऊ नका, माणसाची पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. पिसं फुटलेलं पक्ष्याचं पिल्लू जमिनीवर दिसलं की लगेच उचलू नका, बऱ्याचदा ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. जखम असेल किंवा मांजर-कुत्रं टपलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

अजून एक, यावर लोक माझ्यावर रागावतात. घाणेरड्या जागी पिल्लं विकणाऱ्याकडून दया आली म्हणून पिल्लू विकत घेऊ नका. तुम्हाला वाटतं सोडवलं, त्याच्या हिशेबात माल खपला आणि त्या मादीवर पुढचं वेत लादलं गेलं. पिल्लाच्या डोळ्यांकडे बघून परत फिरणं फार जड जातं, मला माहीत आहे. पण बाहेर येऊन पिंजरे किती, पिल्लं अंदाजे किती आठवड्यांची, पाणी होतं का, आजारी कोण दिसलं हे आठवतंय तोवर लिहून काढा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, आणि तिची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.