बंद घर आणि सीसीटीव्ही : कॅमेरा कुठे लावावा, चित्रण कसे जपावे

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्यातील असंख्य घरांना चार-आठ दिवस कुलूप लागते, आणि सुट्टी संपता संपता ‘कडी-कोयंडा उचकटून ऐवज लंपास’ या ठरावीक शब्दांतल्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. अशा दोन बातम्या वाचल्या की चार कॅमेऱ्यांचा संच बसवून घ्यावा, असे मनात येणे स्वाभाविक आहे. संच जरूर बसवावा. परंतु कॅमेरा चोराला अडवत नाही, तो केवळ पाहतो, हे आधीच ध्यानात घेतले तर पैसे योग्य जागी खर्च होतात. आत शिरणाऱ्याचा चेहरा ओळखू येईल इतका स्पष्ट टिपणे, ते चित्रण चोराच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे आणि वेळीच कोणाला तरी सावध करणे, एवढीच कामे त्याच्याकडून करून घ्यायची असतात. पुष्कळ घरांत कॅमेरे असूनही यांतले एकही काम नीट होत नाही, कारण कॅमेरा कुठे लावायचा हे घरमालकाने नव्हे, तर वायर कमी लागावी अशा बेताने कारागिराने ठरवलेले असते.

आधी दरवाजा

कॅमेऱ्याच्या आधी दरवाजा पाहावा. बाहेरून लावलेले लोंबते कुलूप घरात कोणी नाही हे जिन्यातूनच कळवते, आणि कोयंडा आखूड स्क्रूंवर बसवलेला असेल तर लहानशी कटावणीही त्याला पुरते. म्हणून मुख्य दरवाजाला दारातच बसणारे लॅच किंवा मॉर्टिस प्रकारचे कुलूप असावे, त्याचे स्क्रू चौकटीत खोलवर जाणारे असावेत आणि बाहेर लोखंडी जाळीचे सेफ्टी डोअर असावे. सोसायट्यांमध्ये हमखास दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे डक्ट, अर्थात स्वच्छतागृहांमागची पाइपांची उभी पोकळी. तिथल्या पाइपांवरून चढून स्वच्छतागृहाच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढणे फारसे अवघड नसते. तिथे कॅमेरा लावण्यापेक्षा लोखंडी जाळी बसवणे स्वस्तही पडते आणि खात्रीचेही ठरते.

कॅमेऱ्याची जागा

जागा ठरवण्यापूर्वी घरात शिरण्याच्या सर्व वाटांवरून स्वतः एकदा चालून पाहावे, आणि हे दिवसा एकदा व रात्री बाहेरचे दिवे मालवून एकदा करावे. पेठेतल्या वाड्यात येण्याजाण्याची वाट बहुधा एकच असते, त्यामुळे तिथे दिंडी दरवाजावरचा एक चांगला कॅमेरा बराच पुरतो. कोथरूड किंवा सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत फाटक, लिफ्ट आणि जिना हे सर्वांचे असतात. आपल्या हाती फक्त दारापुढचा पॅसेज आणि बाल्कनी उरते. बंगल्याची गोष्ट निराळी. त्याच्या पुढच्या फाटकावर सर्वांचे लक्ष असते. मात्र मागे ओढा, टेकडी किंवा रिकामा प्लॉट असेल तर धोका त्या बाजूने अधिक असतो, आणि कॅमेरा नेमका तिकडेच नसतो. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते असतील तर तो मुख्य दरवाजाशी लावावा. दुसरा मागच्या दाराला किंवा गच्चीच्या दरवाजाला द्यावा आणि फाटक वा पार्किंग तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे.

उंचीच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो. कॅमेरा कोणी तोडू नये म्हणून तो छताजवळ लावला जातो आणि मग चित्रणात टोपी व खांदे तेवढे दिसतात. दाराशी असलेला कॅमेरा साधारण दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर आणि दाराच्या किंचित बाजूला असावा, म्हणजे कुलपाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा समोरून येतो. व्हिडिओ डोअरबेल तर त्याहूनही खाली, छातीच्या उंचीला बसते. वर लावलेला कॅमेरा या खालच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला उपयोगी पडतो, एवढेच. चोर चेहरा झाकून येईल हेही गृहीत धरावे. भर दुपारी स्कार्फ किंवा हेल्मेट घालून जिना चढणारी व्यक्ती पुण्यात कोणाच्याच नजरेत भरत नाही! म्हणूनच दाराखेरीज आणखी एका जागेचे, म्हणजे वाहन जिथे उभे केले जाते त्या जागेचे, चित्रण मिळाले तर कपडे, चाल आणि कदाचित गाडीचा क्रमांक यांवरून तपासाला धागा मिळतो. मात्र क्रमांकाची पाटी टिपायची असेल तर त्यासाठी वेगळा, अरुंद कोनाचा कॅमेरा लागतो, कारण रात्री हेडलाइटच्या झोतात साध्या कॅमेऱ्याला पाटीऐवजी पांढरा ठिपका दिसतो.

दुकानात गेल्यावर विक्रेता सर्वप्रथम मेगापिक्सेल सांगतो; ग्राहकाने आधी लेन्स विचारावी. सीसीटीव्हीसाठीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी व्यक्तीची ओळख निश्चित व्हायची असेल तर दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे सुमारे २५० पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, लागतात, आणि ओळखीची व्यक्ती ओळखण्यास त्याच्या निम्मे, म्हणजे १२५ पिक्सेल पुरतात. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते, म्हणजे अनोळखी चेहऱ्यासाठी दृश्य पावणेआठ मीटरपेक्षा रुंद असून चालत नाही. सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांहून अधिक पसारा दाखवते, आणि त्यामुळे ओळख पटण्याजोगा चेहरा फक्त तीन मीटरांपर्यंतच मिळतो. ६ मिलिमीटरच्या लेन्सने तोच चेहरा सात-आठ मीटरांवरूनही मिळतो, पण बाजूचे दृश्य कमी होते. यावरून पॅसेजसाठी २.८ आणि बाल्कनीतून फाटकावर रोखायचा असेल तर ६ मिलिमीटर, असा हिशेब निघतो. मोबाइलवर बोटांनी चित्र मोठे केल्याने मुळात न टिपलेला तपशील येत नाही. बसवणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी घरातील एखाद्याला संध्याकाळी टोपी घालून दारात उभे करावे आणि त्या वेळचे थेट दृश्य नव्हे, तर साठवलेले चित्रण मोठ्या पडद्यावर लावून पाहावे.

रात्र आणि पावसाळा

रात्री बहुतेक कॅमेरे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, दिव्यांवर चालतात. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ पांढरी भिंत, पत्र्याची पागोळी किंवा तुळशी वृंदावनावरची वेल असली तर हा प्रकाश तिथूनच परततो आणि मागचा सारा भाग काळाठिक्कर दिसतो. याच दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्सपुढच्या जाळ्यामुळे मोबाइलवर रात्रभर खोट्या सूचना येत राहतात. त्यामुळे कॅमेरे महिन्यातून एकदा मऊ कापडाने पुसावेत. दारावर माणसाच्या हालचालीने लागणारा सेन्सरचा एलईडी दिवा बसवल्यास चित्र रंगीत मिळते आणि आलेला माणूसही बिचकतो. माझ्या मते दुसरा कॅमेरा घेण्याआधी हा दिवा घ्यावा. कॅमेरा उघड्यावर असेल तर त्यावर धूळ-पाण्यापासून संरक्षण दाखवणारी आयपी ६६ किंवा त्यावरची नोंद असावी, वायरीचे जोड बंद डबीत असावेत आणि वायर भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोल देऊन मग वर नेलेली असावी, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून आत न जाता झोलाशीच गळून पडते.

चित्रण कुठे राहते

दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवलेला डीव्हीआर, म्हणजे सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, चोर जाताना सोबत घेऊन जातो, आणि मग चारही कॅमेऱ्यांनी पाहिलेले सारे त्याच्याच पिशवीत जाते. हे यंत्र माळ्यावर किंवा हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात ठेवावे. शिवाय किमान दाराच्या कॅमेऱ्याची तरी दुसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, जाईल अशी व्यवस्था करावी. केवळ कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर विसंबू नये, कारण कॅमेरा उपटला की कार्डही गेले. साठवणुकीचा अंदाज घरी करता येतो: २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्रण कमी जागेत बसवणाऱ्या पद्धतीने सुमारे २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) वेगाने अखंड चित्रण करत असेल तर दिवसाला २१ ते २२ जीबी लागतात, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबीची हार्ड डिस्क साधारण अकरा दिवस पुरते. पंधरा दिवसांच्या सहलीला जाणाऱ्यांनी २ टीबी घ्यावी आणि ती सतत लिहिण्यासाठी बनवलेली, सीसीटीव्हीसाठीची डिस्क असावी.

विजेचा विचार बहुधा राहून जातो. आपल्याकडे अनेक इमारतींचे मीटर तळमजल्यावर पार्किंगमध्ये उघडेच असतात आणि तिथला स्विच पाडला की घरातील सर्व कॅमेरे आंधळे होतात. त्यात महावितरणचा गुरुवारचा दुरुस्तीचा खंड पुणेकरांच्या परिचयाचाच आहे. म्हणून डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा आणि इंटरनेटचा राउटर हे तिन्ही यूपीएसवर असावेत. राउटर विसरला तर चित्रण होत राहील, पण सूचना येणार नाही. आपण परगावी असताना ‘कॅमेरा ऑफलाइन’ असा संदेश आला, तर तीही धोक्याची सूचना मानून शेजाऱ्याला फोन करावा. वायफायचे कॅमेरे भाड्याच्या घरात सोयीचे असतात. तथापि वाड्याच्या जाड दगडी भिंतींतून संकेत धड पोहोचत नाही, आणि स्वतःच्या घरात वायर टाकण्याची सोय असेल तर वायरीचाच कॅमेरा घ्यावा.

खरेदी, पासवर्ड आणि शेजारी

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा अन्य कोठेही खरेदी केली तरी पक्के बिल घ्यावे आणि उपकरणावर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह पाहावे. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांसाठी या नोंदणीत सायबर सुरक्षेच्या चाचण्याही अनिवार्य झाल्या आहेत. पासवर्डची बाब किरकोळ नव्हे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या साहाय्याने इंटरनेटवरच हल्ला चढवला. आपल्याकडे याहून साधा धोका आहे: संच बसवणारा कारागीर सोयीसाठी तो स्वतःच्याच मोबाइल क्रमांकावर नोंदवतो आणि काम संपल्यावरही आपले घर त्याच्या फोनवर दिसत राहते. म्हणून नोंदणी आपल्याच क्रमांकावर करवून घ्यावी, कारागिरासमोरच पासवर्ड बदलावा, अॅपमध्ये कोणाकोणाला प्रवेश दिला आहे ती यादी तपासावी आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज मोबाइलवर आलेला कोडही मागणारी) सुरू करावी.

सोसायटीच्या सामाईक पॅसेजमध्ये कॅमेरा लावण्यापूर्वी सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन परवानगी घ्यावी, आणि समोरच्यांच्या दारातून आतले काही दिसणार नाही असा कोन ठेवावा. अॅपमधील प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग कायमचा झाकता येतो. एखाद्या स्त्रीचे तिच्या खासगी क्षणांतले चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे कोणाच्याही शयनगृहाकडे किंवा स्नानगृहाकडे कॅमेरा वळता कामा नये. घरात कॅमेरा असेल तर कामाला येणाऱ्या मावशींना तो दाखवून ठेवावा.

गावाला जाताना, आणि चोरी झालीच तर

निघण्याआधी डीव्हीआरचे घड्याळ मोबाइलशी जुळवावे, कालचे चित्रण खरोखर साठले आहे का ते पाहावे आणि सूचनांचा परिसर दारापुरताच आखावा, नाहीतर मांजरे आणि फांद्या यांच्या सूचनांना कंटाळून माणूस त्या बंदच करून टाकतो. दूध आणि वर्तमानपत्र बंद करावे, चपलांच्या कपाटातली किल्ली काढून घ्यावी, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. सहलीची छायाचित्रे परतल्यावरच टाकावीत. रात्री दोन वाजता आलेली सूचना बघून मनालीत बसलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. म्हणून खालच्या मजल्यावरचे काका, वॉचमन आणि जवळ राहणारा एखादा नातेवाईक यांचे क्रमांक हाताशी असावेत. घरात कोणी शिरल्याचे दिसले तर आधी ११२ वर फोन करून पुण्यातील पत्ता खुणेसह सांगावा, कारण परराज्यातून फोन लावला तर तो तिथल्याच नियंत्रण कक्षाकडे जाऊ शकतो; त्यामुळे आपल्या पोलिस ठाण्याचा थेट क्रमांकही आधीच नोंदवून ठेवावा. शेजाऱ्यांना एकट्याने आत जाऊ देऊ नये.

कुलूप तुटलेले आढळले तर कपाटांना हात न लावता बाहेर थांबावे. डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवे लिहीत जातो, त्यामुळे त्या रात्रीचा, आणि शक्य असल्यास आधीच्या आठ दिवसांचाही, भाग लगेच पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात उतरवून घ्यावा, कारण टेहळणी करणारा बहुधा आधीच येऊन गेलेला असतो. घड्याळ मागे-पुढे असल्यास फरक लिहून ठेवावा, पण दुरुस्त करू नये. चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याचा मोह आवरावा, कारण तिथे दर्जाही घसरतो आणि संशयितालाही सुगावा लागतो. न्यायालयात असे चित्रण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रासह सादर होते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी तिची सांकेतिक खूण, नोंदवावे लागते, म्हणून ती फाइल कापू नये, तिचे रूपांतरही करू नये. पोलिसांनी डीव्हीआर जप्त केल्यास पंचनाम्याची प्रत व उपकरणाच्या अनुक्रमांकासह पावती मागावी. तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तिच्यावर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते आणि घराचा विमा असेल तर दाव्यासाठी तीच प्रत लागते.