जुन्या वस्तीतले राहते घर विकताना या चुका टाळा

शहराच्या मध्याजवळच्या, चांगल्या रुळलेल्या उपनगरातल्या घराला गिऱ्हाईक मिळायला सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती ठरलेला व्यवहार तडीस नेताना. पहिल्या भेटीत माणूस परिसरावर भाळतो, पण दुसऱ्या भेटीला तो सोबत जाणकार घेऊन येतो आणि घाईत झाकलेले सगळे तेव्हा उघडे पडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ओलीवर रंग मारणे. जमिनीतली ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि भिंतीला लोणा लागतो. अशा भिंतीवर ऑइल पेंट चढवला, तर आत कोंडलेला ओलावा रंगाचे पोपडे काढतो किंवा रंगाच्या वरच्या कडेला नवा डाग उमटवतो. सगळ्या खोलीत एकच भिंत, तीही कमरेपर्यंतच, ताजी रंगवलेली दिसली की पाहणाऱ्याच्या मनात शंका येते आणि ती मग छपरापासून गटारापर्यंत सगळीकडे पोहोचते. मूळ कारण बहुधा बाहेर असते: अंगणात वर्षानुवर्षे फरशीवर फरशी बसवत गेल्याने बाहेरची पातळी जोत्यापर्यंत आलेली असते, किंवा पन्हळीचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत असते. आधी ती पातळी खाली आणावी, पाणी दूर वळवावे, लोणा लागलेले प्लॅस्टर खरवडून काढावे आणि भिंत वाळू द्यावी. जाड विटांची भिंत वाळायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे हे काम विक्रीच्या बरेच आधी हाती घ्यावे लागते. तेवढा वेळ नसेल, तर भिंत आहे तशी दाखवावी आणि दुरुस्तीचा लेखी अंदाजखर्च पुढे ठेवावा. सांगितलेल्या ओलीपेक्षा सापडलेली ओल किंमत जास्त पाडते, असे माझे ठाम मत आहे.

भेगा बुजवण्याची घाईही अशीच नडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग पाया खचत असल्याची खूण असू शकते. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने आडवी रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. काही महिन्यांनी भेग रेघेच्या आतच राहिलेली दिसली, तर ती नोंद कोणत्याही तोंडी आश्वासनापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक धीर देते. रेघ ओलांडली असेल, तर अभियंत्याला बोलावण्यात दिरंगाई करू नये. दोन नळ एकदम सोडल्यावर धार बारीक होते का, हेही स्वतः पाहून ठेवावे, कारण जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात.

शेजारचे घर अमुक किमतीला ‘लावले आहे’ यावरून आपली किंमत ठरवू नये. ते प्रत्यक्षात कितीला विकले गेले, हाच आकडा खरा.

कागदपत्रांकडे लक्ष जाते ते मात्र सर्वांत शेवटी. घर आजोबांच्याच नावावर राहिलेले असते, फिटलेल्या कर्जाचा बोजा नोंदीतून उतरवलेला नसतो, मागे वाढवलेली खोली मंजूर नकाशात नसते. यांपैकी प्रत्येक गोष्ट मार्गी लावता येते, पण इसार घेतल्यावर नव्हे. तेव्हा मुदत गिऱ्हाइकाच्या हाती गेलेली असते आणि एखाद्या दूरच्या वारसाच्या सहीसाठी सगळा व्यवहार खोळंबतो.