दम किती लागतोय, हे कसं ओळखावं?

सकाळी पर्वतीवर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, १०३ पायऱ्या चढता चढता फोनवर फ्लॅटचा भाव ठरवणारी. दुसरी, अर्ध्यावर थांबून तोंडाने श्वास घेणारी. पायऱ्या त्याच, कष्ट मात्र वेगळे. आपले किती झाले हे बघायला महागडं घड्याळ लागत नाही. घामावरही जाऊ नका. मे महिन्यात तो बाकावर बसूनही येतो.

आधी बोलून बघा. पाच-सात मिनिटांत अंग गरम झालं की सोबत्याशी गप्पा सुरू करा. वाक्यं नीट निघतात, पण आरती म्हणायला गेलात तर श्वास तुटतो? म्हणजे व्यायाम मध्यम चाललाय. आरती चालीवर सहज म्हणता येत असेल तर पाय उचला. "हो", "थांब", "पुढे हो" एवढंच निघत असेल तर जोर भरपूर लागतोय. एकटे असाल तर मोठ्यानेच म्हणा, मनात म्हटलेल्या आरतीला दम लागत नाही.

मग त्या कष्टाला आकडा द्या. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी पट्टी तयार केली. ६ म्हणजे स्वस्थ बसलेले, २० म्हणजे आता एक पाऊलही नको. विचित्र वाटणाऱ्या या आकड्यांना दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या नाडीचा ढोबळ अंदाज मिळतो. १२ ते १४ म्हणजे मध्यम. आकडा फक्त पायांचा नको. छाती, श्वास, थकवा सगळं धरून द्या. आणि खरा द्या, शेजारचे काका पुढे गेले म्हणून कमी सांगू नका.

पडताळायचं असेल तर थांबल्या थांबल्या नाडी बघा. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवा (अंगठा नको, त्याची स्वतःचीच नाडी लागते), १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोके मिळतात. त्यांच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम. पन्नाशीच्या माणसाला १०९ ते १२९, म्हणजे १५ सेकंदांत २७ ते ३२. हे सूत्र ढोबळच आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी धावते, तेव्हा बोलण्याची परीक्षाच धरा.

छातीवर दाब आला, हात किंवा जबडा दुखू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आकडे सोडा आणि तिथेच थांबा. "गॅस झाला असेल" म्हणत वरपर्यंत जाऊ नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

महिन्याभराने त्याच पायऱ्या त्याच वेगाने चढून पुन्हा आकडा द्या. १४ चा १२ झाला असेल तर आता थोडं भरभर चढायला हरकत नाही.