गरोदरपणात व्यायाम: आवळण्याआधी सोडायला शिका

गरोदर बाईला सल्ला देणारे दोनच पक्ष असतात. एक म्हणतो, जागची हलू नकोस. दुसरा आठव्या महिन्यात वजनं उचलणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ पाठवतो. दोघांनाही हो म्हणा आणि विसरून जा. तब्येत ठीक असेल तर गरोदरपणात आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगून ठेवलंय.

सुरुवात डॉक्टरांपासून. पण "व्यायाम करू का?" असं मोघम विचारलंत तर "हलकाफुलका करा" असं मोघम उत्तर हातात पडतं. नेमकं विचारा: वार (प्लासेंटा) कुठे आहे? पिशवीचं तोंड घट्ट बंद आहे ना? रक्तदाब आणि हिमोग्लोबिन कसं आहे? सहावा महिना उलटल्यावरही वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, मुदतीआधी कळा आल्या असतील किंवा प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार असेल, तर पुढचं वाचू नका. तुमचे डॉक्टर सांगतील तेवढंच करा.

बाकीच्यांनी चालायला लागावं. आधी सवय नसेल तर १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. पोहता येत असेल तर उत्तमच.

वेग किती? चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. बस. "नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका" हे अजूनही ऐकू येतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये घातलेली ती मर्यादा १९९४ मध्ये त्यांनीच काढून टाकली. गरोदरपणात नुसतं बसल्या जागी नाडी १० ते २० ठोक्यांनी वाढलेली असते, त्यामुळे घड्याळावरचा आकडा बघून श्रमाचा अंदाज नीट लागत नाही.

हलकी वजनं चालतात. उचलताना श्वास सोडा, रोखू नका. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा वर आलेला दिसला तर तो व्यायाम त्या क्षणी बंद. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर झोपून करायचे प्रकार कुशीवर किंवा बसून करा, कारण पाठीवर असताना गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि घेरी येते. पडण्याची किंवा पोटावर मार बसण्याची भीती असलेले खेळ, स्कूबा डायव्हिंग आणि तापवलेल्या खोलीतला योग, हे या काळात नकोच.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे स्नायू आवळण्याच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून त्या व्यायामाला त्यांचंच नाव पडलं. तेव्हापासून जो तो नुसतं "आवळा" म्हणतोय. माझ्या पहिल्या खेपेला मलाही एवढंच सांगितलं होतं आणि कितीतरी दिवस मी नेमकं काय आवळतेय तेच मला कळत नव्हतं. आज वर्ग घेते तेव्हा बहुतेकजणी इथेच अडतात. आवळता येत नाही असं नसतं. आवळलेलं सोडता येत नाही.

म्हणून उलटीकडून शिका. कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये उशी, एक तळवा बरगडीवर, दुसरा नितंबावर. नाकाने सावकाश श्वास घ्या. बरगडी तळव्याखाली फुलली पाहिजे आणि त्याच वेळी खालचा तळ किंचित उतरून सैल झालेला जाणवला पाहिजे. पहिले काही दिवस फक्त हेच. काहीच केलं नाही असं वाटेल, वाटू द्या.

हे जमलं की श्वास सोडताना वायू अडवल्यासारखं मागून आवळा, लघवी रोखल्यासारखं पुढे आणा आणि सगळं आत, वर घ्या. पसरलेला रुमाल मधोमध चिमटीत धरून उचलावा, तसं. जोर लावायचा नाही. नितंबावरच्या तळव्याखाली काही कडक झालं तर तुम्ही नितंब आवळताय. मांड्या जवळ आल्या, दात घट्ट मिटले, भुवया चढल्या, तरी चुकलंच. श्वास रोखलाय का ते बघायला मोठ्याने आकडे मोजा. आवाज अडकला की समजा, रोखलाय.

आणि मग सोडा. पूर्ण. जितका वेळ धरलं निदान तितकाच वेळ सैल राहू द्या, तळ खाली आल्याचं जाणवल्याशिवाय पुढचं आवळू नका. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरणं पुष्कळ झालं, पुढे आठ-दहापर्यंत जा. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीन वेळा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की झटकन एकदा आवळायचं, हीसुद्धा सवय लावून घ्या.

लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करा, असं सांगणाऱ्यांवर माझा फार राग आहे. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. एवढा एक सल्ला तरी कायमचा बाद करा.

ज्यांना संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो किंवा खाली सतत ताठलेलं वाटतं, त्यांनी आवळूच नये. त्यांचे स्नायू बहुधा आधीच आवळलेले असतात. त्यांनी पहिला श्वासाचा भागच करावा आणि या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावं. नवव्या महिन्यात तर मी सगळ्यांनाच सोडण्यावर भर द्यायला लावते; बाळ बाहेर येताना या स्नायूंना ताणलंच जायचं असतं.

जांघांच्या मधल्या हाडात किंवा कमरेच्या खाली एका बाजूला दुखत असेल तर लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचा व्यायाम) बंद करा, एका पायावर उभं राहू नका, सलवार-पँट बसून घाला. "सहन कर, सवय होईल" हे ऐकू नका. सवय होत नाही, वाढतं.

रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, छातीत दुखलं, घेरी आली, डोकं फार ठणकायला लागलं, श्रम करायच्या आधीच धाप लागली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका, चोळू देऊही नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा.